फौजदारी अपील स्वतःहून मागे घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात फौजदारी अपिले चालवताना, आणि तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात बसताना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. कलमांचे क्रमांक भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्या दिवशी जी अपिले आधीच प्रलंबित होती, ती १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच चालतात. तुमच्या कागदांवर ३७४, ३८६, ३८९ असे जुने क्रमांक दिसले तर गोंधळू नका. या पानावरच्या विषयांपुरती बहुतेक तरतूद तीच आहे, क्रमांक तेवढे बदलले आहेत.

१. अपील मागे घेतलं म्हणजे नेमकं काय होतं? माझी शिक्षा रद्द होते का?

नाही. उलट ती पक्की होते. खालच्या न्यायालयाने तुम्हाला दोषी ठरवले, तुम्ही वरच्या न्यायालयाकडे दाद मागितली, आणि आता तीच दाद सोडून देत आहात, एवढाच त्याचा अर्थ. दोषसिद्धी, कैद, दंड, भरपाईचा आदेश, सगळे जसेच्या तसे उभे राहते. शिक्षेला मिळालेली स्थगिती त्याच क्षणी संपते (प्रश्न ७ पाहा).

हे सगळ्यात वर लिहिण्याचे कारण आहे. “अपील काढून घेतलं की केस मिटली” अशा समजुतीने सही करणारी माणसे दर काही महिन्यांनी भेटतात. केस मिटते हे खरे, पण ती तुमच्या विरुद्ध मिटते.

२. फिर्यादी म्हणतो, “मी केस मागे घेतो.” मग अपीलही आपोआप निघेल ना?

नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फिर्यादीने तडजोड करणे ही एक. सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेणे ही दुसरी. ती कलम ३६० मध्ये येते आणि निकाल लागण्याआधीच करता येते. शिक्षा झालेल्याने स्वतःचे अपील सोडणे ही तिसरी. निकालानंतर फिर्यादीच्या “मागे घेतो” या शब्दाने शिक्षा पुसली जात नाही. तडजोड झाली असेल तर आधी प्रश्न ९ वाचा, अर्जावर सही नंतर.

३. अपील माझं, मग मागे घ्यायचा हक्कही माझाच ना? कोर्ट नाही म्हणू शकतं का?

म्हणू शकते. दिवाणी दावा मागे घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २३ आहे. फौजदारी अपील मागे घेण्याबद्दल मात्र संहितेत एकही स्वतंत्र कलम नाही. संहितेला अपील संपवण्याचे मुख्यतः दोनच रस्ते माहीत आहेत. एक, सुरुवातीलाच दम नाही असे दिसले तर कलम ४२५ खाली ते फेटाळणे. दोन, दाखल करून घेतल्यावर (म्हणजे न्यायालयाने ते सुनावणीसाठी स्वीकारल्यावर) रेकॉर्ड वाचून, दोन्ही बाजू ऐकून कलम ४२७ खाली निकाल देणे.

त्यामुळे अपील अजून दाखल करून घेतलेले नसेल तर ते मागे घेणे सोपे असते. दाखल करून घेतल्यानंतर मात्र ते गुणदोषांवरच निकाली काढावे, केवळ “नको” म्हटल्याने नाही, अशी भूमिका अनेक निकालांत घेतलेली दिसते. यामागचा विचार मला पटतो. माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. पुराव्यात उघड चूक असेल तर केवळ तो थकला म्हणून न्यायालयाने डोळे मिटू नयेत.

प्रत्यक्षात काय घडते? अपिलार्थीचे, म्हणजे अपील करणाऱ्याचे, म्हणणे स्वच्छ असेल, कारण पटण्याजोगे असेल आणि दबावाची शंका नसेल, तर न्यायालये “मागे घेतल्यामुळे निकाली” असा आदेश करतात. काही न्यायाधीश तरीही रेकॉर्ड चाळतात आणि दोषसिद्धीत काही चुकलेले नाही असे दोन ओळींत नोंदवतात. दोन्ही प्रकारचे आदेश तुम्हाला पाहायला मिळतील.

४. वकिलाची फी परवडत नाही. अर्ज वगैरे न करता तारखांना जायचंच सोडलं तर अपील आपोआप संपेल का?

संपणार नाही, आणि हा रस्ता सगळ्यात वाईट आहे. बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दाखल करून घेतलेले फौजदारी अपील गैरहजेरीसाठी फेटाळता येत नाही; रेकॉर्ड वाचून गुणदोषांवरच ठरवावे लागते. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी अपील चालणार, फक्त तुमची बाजू मांडायला कोणी नसणार. तुम्ही जामिनावर असाल तर वॉरंट निघेल आणि जामीनदारालाही नोटीस जाईल.

पैशांची अडचण हे अपील सोडण्याचे कारण असूच नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. सत्र न्यायालयासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयासाठी तिथली विधी सेवा समिती. देशभर चालणारा मदत क्रमांक १५१०० आहे.

५. मागे घ्यायचंच ठरलं तर नेमकं काय करावं लागतं?

वकिलामार्फत अर्ज किंवा पुरसिस (न्यायालयाला दिलेले छोटे लेखी निवेदन) द्यायची. त्यात अपिलाचा क्रमांक, कोणत्या निकालाविरुद्ध ते होते, मागे का घेत आहात, आणि “मला परिणाम समजावून सांगितले आहेत, माझ्यावर कोणाचा दबाव नाही” हे तुमच्या भाषेत. सोबत प्रतिज्ञापत्र असलेले चांगले. सरकारी वकिलांना प्रत द्यायची. अपिलार्थी स्वतः हजर असावा. न्यायाधीश बहुधा थेट त्यालाच विचारतात.

एक आग्रहाची सूचना. पुरसिस इंग्रजीत टाइप केलेली असेल आणि तुम्हाला इंग्रजी वाचता येत नसेल, तर ती मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि “मराठीत समजावून सांगितले” ही ओळ खाली घालायला लावा. वकिलांना घाई असते, बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) मोठा असतो, हे मी जाणतो. तरी ती पाच मिनिटे तुमच्या हक्काची आहेत.

आदेश झाला की त्याची प्रमाणित नक्कल लगेच मागा. पुढे तुरुंगात शिक्षेचा हिशेब करताना आणि जामीनदाराला मोकळे करताना ती लागते.

६. माझ्या वकिलांनी मला न विचारता अपील ‘नॉट प्रेस’ केलं. वकीलपत्रावर माझी सही आहे. आता?

‘नॉट प्रेस’ म्हणजे अपिलाचा आग्रह सोडणे. छापील वकीलपत्रात “तडजोड करणे, मागे घेणे” असे शब्द असतात हे खरे. पण सर्वसाधारण अधिकार देणे वेगळे आणि ही अमुक शिक्षा मान्य करून अपील सोडायला सांगणे वेगळे. म्हणूनच जाणती न्यायालये तुमची स्वतःची सही किंवा हजेरी मागतात.

आधी रोजनामा (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद) आणि आदेश यांच्या नकला काढा. पुष्कळदा असे निघते की वकिलांनी संपूर्ण अपील सोडलेलेच नसते. दोषसिद्धीला दिलेले आव्हान सोडून फक्त शिक्षा कमी करण्याची विनंती केलेली असते. तेही तुमच्या परवानगीविना नको होते, पण त्याचा परिणाम वेगळा होतो. आणि खरोखरच संपूर्ण अपील गेले असेल तर एक दिवसही वाया घालवू नका. पुढचे मार्ग प्रश्न १४ मध्ये आहेत.

७. मी जामिनावर बाहेर आहे. आज अपील मागे घेतलं तर उद्या काय?

उद्या शिक्षा भोगायला हजर व्हायचे. कलम ४३० खाली शिक्षेला मिळालेली स्थगिती अपील प्रलंबित असेपर्यंतच असते. मोठ्या शिक्षेत न्यायालय शरण येण्यासाठी काही दिवसांची मुदत देऊ शकते. ती पुरसिसमध्येच मागा, नंतर आठवून उपयोग नाही.

इथे सगळ्यात जास्त चुकणारा हिशेब सांगतो. “मी सहा वर्षं जामिनावर होतो, पाच वर्षांची शिक्षा तर केव्हाच संपली,” असे लोक मनापासून मानतात. कलम ४३० चे पोटकलम ४ नेमके उलटे सांगते: स्थगितीवर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरायचा नाही. धरला जातो तो प्रत्यक्ष आत काढलेला काळ, म्हणजे निकालाआधीची कोठडी (कलम ४६८ ची वजावट) आणि निकालानंतरचा तुरुंगवास.

उदाहरण घ्या. शिक्षा पाच वर्षे. खटला चालू असताना आठ महिने आत. निकालानंतर स्थगिती मिळेपर्यंत चार महिने आत. मग सहा वर्षे बाहेर. अपील मागे घेतल्यावर उरली किती? चार वर्षे. तुरुंगातल्या वर्तणुकीची माफी मिळाली तर ती त्यातून वजा होईल, पण ती सहा वर्षे हिशेबात कुठेच नाहीत.

हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका. तुरुंग अधीक्षकांकडून कोठडीचा दाखला मागवता येतो.

८. “अपील चालवलंस तर शिक्षा वाढेल” असं सांगून घाबरवतात. खरं आहे का?

तुमच्या एकट्याच्या अपिलात नाही. दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलात न्यायालय शिक्षेचे स्वरूप बदलू शकते, ती कमी करू शकते, “पण वाढेल अशा रीतीने नाही”, असे कलम ४२७ मध्येच लिहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्येही हे पुन्हा ठासून सांगितले: सरकारने किंवा पीडिताने काहीच दाखल केलेले नसताना, आरोपीच्या स्वतःच्या अपिलात उच्च न्यायालयाने त्याचीच शिक्षा वाढवणे योग्य नाही. दाद मागायला गेलेला माणूस त्या दाद मागण्यामुळेच आणखी वाईट अवस्थेत जाऊ नये, असा त्यामागचा विचार आहे.

शिक्षा वाढू शकते ती दुसऱ्या दाराने. सरकारने कलम ४१८ खाली “शिक्षा अपुरी आहे” असे स्वतंत्र अपील केले असेल, किंवा उच्च न्यायालयाने कलम ४४२ च्या पुनरीक्षण (रिव्हिजन, म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश तपासण्याच्या) अधिकारात नोटीस काढली असेल तर. आणि अशा वेळी तुमचे अपील मागे घेऊन तो धोका टळत नाही. सरकारचे अपील त्याच्या पायांवर उभे असते. तुमचे गेले तरी ते चालू राहते. म्हणजे भीतीपोटी तुम्ही ढाल टाकता आणि वार तसाच येतो.

पण समजा, ढाल टाकून झाली आहे. तरी एक आधार उरतो. शिक्षावाढीच्या अपिलात म्हणणे मांडताना आरोपीला निर्दोष सुटका किंवा शिक्षा कमी करण्याची मागणी करता येते. कलम ४१८ चे पोटकलम ३ हा हक्क देते. स्वतःचे अपील मागे घेतलेल्यानेही त्या तारखेला तयारीने जावे.

९. समोरच्याशी तडजोड झाली. तो म्हणतो, “तू अपील काढ, विषय संपला.” काढू का?

थांबा. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

तडजोड झाल्यावर अपील मागे घेणे म्हणजे शिक्षा स्वीकारणे. तडजोड न्यायालयापुढे ठेवून गुन्हा मिटवून घेणे म्हणजे निर्दोष सुटणे. दोन्हींसाठी एकच पान टाइप करावे लागते, पण एकातून तुम्ही तुरुंगात जाता आणि दुसऱ्यातून घरी.

कलम ३५९ मध्ये तडजोडीने मिटू शकणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. शिक्षा झाल्यावर आणि अपील प्रलंबित असताना, अपील न्यायालयाच्या परवानगीने असा गुन्हा मिटवता येतो, आणि मिटवल्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. यासाठी अपील जिवंत असावे लागते. आधी मागे घेतले तर परवानगी द्यायला न्यायालयापुढे अपीलच उरत नाही.

गुन्हा यादीत नसेल तर? उच्च न्यायालयाला कलम ५२८ खाली अंगभूत अधिकार आहेत. जिथे मूळ भांडण खासगी स्वरूपाचे आहे आणि गुन्हा फार गंभीर नाही, तिथे शिक्षा झाल्यानंतरच्या टप्प्यावरही तडजोडीवरून प्रकरण रद्द करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले. मात्र त्यातही दोषसिद्धीला आव्हान दिलेले असणे, ती अंतिम झालेली नसणे याला महत्त्व आहे. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत हा मार्ग नाही. तिथे तडजोड फार तर शिक्षेचे प्रमाण ठरवताना विचारात घेतली जाईल, आणि कित्येकदा तेवढीही नाही.

चेक न वटल्याच्या प्रकरणात वेगळी सोय आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४७ ने तो गुन्हा कोणत्याही टप्प्यावर तडजोडीने मिटतो. उशिरा मिटवल्याबद्दल चेकच्या रकमेवर काही टक्के खर्च भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलेले दर २०२५ मध्ये कमी केले आणि सत्र व उच्च न्यायालयाच्या टप्प्यावर तो ७.५ टक्के झाला. एवढे भरून निर्दोष सुटता येत असताना नुसते अपील मागे घेऊन दोषी राहणे हा स्वतःवर केलेला अन्याय आहे.

१०. शिक्षा पूर्ण भोगून झाली. आता अपिलात उरलं काय? काढून टाकू का?

तुरुंगातून सुटलात, पण “दोषी” हा शिक्का तसाच आहे. नोकरी, बढती, निवडणूक, परवाने, ठिकठिकाणी तो विचारला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ८ खाली दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर आणखी सहा वर्षे अपात्र राहतो. शिक्षा भोगून झाली म्हणून अपील निरर्थक होत नाही. चालवा, जमेल तेवढे चालवा.

खरेच थकला असाल, तर संपूर्ण अपील सोडण्याऐवजी मधला मार्ग विचारा. दोषसिद्धीवर वाद न घालता, परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका) अधिनियम, १९५८ चा लाभ मागता येईल का? तो मिळाला तर त्याच अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देते. सगळ्या गुन्ह्यांत तो मिळत नाही, पण विचारायला हरकत नाही.

११. बरीच शिक्षा भोगली आहे, थोडी उरली आहे. मागे घेण्यापेक्षा काही चांगलं करता येईल का?

हो. दोषसिद्धीचा मुद्दा सोडून फक्त शिक्षेवर युक्तिवाद करता येतो: “भोगली तेवढीच शिक्षा पुरेशी मानावी.” वय, आजार, पहिलाच गुन्हा, घटनेला उलटलेली वर्षे, कुटुंबाची अवस्था, हे सगळे तिथे मांडता येते. मागे घेतले तर उरलेली शिक्षा हमखास भोगायची; शिक्षेवर बोललात तर निदान कमी होण्याची शक्यता राहते. यात गमावण्यासारखे काही नाही.

अडचण एकच. ज्या गुन्ह्यात कायद्याने किमान शिक्षा ठरवली आहे, तिथे अपील न्यायालय तिच्याखाली जाऊ शकत नाही.

१२. भाऊ आत आहे. तुरुंगातून त्याचं एक अपील गेलं आणि आम्ही घरच्यांनी वकील करून दुसरं केलं. एक मागे घ्यावं लागेल का?

अपील मागे घेण्याचे हे सगळ्यात निरुपद्रवी कारण. कैदी कलम ४२४ खाली तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवतो, घरचे वकिलामार्फत पाठवतात, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. दोन्ही क्रमांक न्यायालयाच्या लक्षात आणून द्या. एकतर दोन्ही एकत्र चालतील किंवा एक “दुसरे अपील प्रलंबित असल्यामुळे” निकाली निघेल. अवतरणातले शब्द आदेशात यायलाच हवेत. नुसते “मागे घेतले” असे राहिले तर पुढे कोणीतरी त्यावर बोट ठेवेल.

जेल अपील आधीच थोडक्यात फेटाळले गेले आणि वकिलामार्फतचे मागे राहून गेले असेल तरी कलम ४२५ चे पोटकलम ४ तुमच्या बाजूने आहे: न्यायहितासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय ते दुसरे अपील ऐकू शकते.

सही मात्र भावाचीच हवी. आई, वडील, वहिनी कोणीही त्याच्या वतीने अपील सोडू शकत नाही. आतून अर्ज आला तर तो अधीक्षकांमार्फत येतो. अंगठा असेल तर तो कोणासमोर उमटवला हे लिहिलेले असावे. न्यायालय व्हिडिओवरून त्याच्याशी बोलू शकते किंवा विधी सेवेचा वकील त्याच्याकडे पाठवू शकते. तशी विनंती तुम्हीही करा. बराकीत कोणाच्या सांगण्यावरून सही होते हे बाहेर बसून कळत नाही.

१३. “अपील काढलं तरच मुदतपूर्व सुटका मिळेल” असं आत सांगतात. खरं?

ही अफवा पूर्ण निराधार नाही, म्हणून ती नीट समजून घ्या. न्यायालयात प्रकरण चालू असताना त्याच शिक्षेबाबत शासनाने कितपत हात घालावा हा वाद जुना आहे. नानावटी प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांच्या शिक्षा स्थगितीच्या अधिकारावर, प्रकरण आपल्यापुढे असेपर्यंतच्या काळापुरती, मर्यादा घातली होती. पण अलीकडची दिशा वेगळी आहे. वर्षानुवर्षे अपिले पडून असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये सांगितले की चौदा वर्षे भोगलेल्या जन्मठेपेच्या कैद्याचा मुदतपूर्व सुटकेचा विचार अपील प्रलंबित असले तरी करावा.

त्याच सुमारास छत्तीसगडमधून आलेल्या प्रकरणात न्यायालयाने एक प्रयोगही सुचवला. ठरावीक मुदतीच्या शिक्षेपैकी निम्मी भोगलेल्या कैद्याला विचारावे, की चूक मान्य करून अपील मागे घ्यायची आणि त्या बदल्यात उरलेल्या शिक्षेत सूट घ्यायची तयारी आहे का. पण जबरदस्तीने कबुली काढायची नाही आणि अपिलाचा हक्क हिरावून घ्यायचा नाही, हेही न्यायालयाने बजावले.

म्हणून कोणी “आधी सही कर, मग सुटकेचं बघू” म्हणत असेल तर क्रम उलटा करा. सुटकेचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, अपील खरोखर आड येते आहे का, हे लेखी विचारा. कलम ४७३ खाली माफी देणे शासनाच्या विवेकाधीन आहे. त्याच्या आशेवर हातातला हक्क सोडायचा, तर निदान समोर काहीतरी लेखी असू द्या.

१४. मागे घेतलं आणि आता पस्तावतो आहे. पुन्हा दाखल करता येईल?

फार अवघड आहे. सही झालेला अंतिम आदेश, लेखनातली किंवा हिशेबातली चूक वगळता, तेच न्यायालय बदलू शकत नाही (कलम ४०३). पुन्हा दाखल करण्याची मुभा आदेशात न राखता सोडलेले अपील पुन्हा दाखल करायला गेलात तर पहिली हरकत तीच येते. शिवाय मुदत उलटलेली असते: मृत्युदंड सोडून इतर शिक्षांविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, सत्र न्यायालयात ३०. “अपील काढून पुनरीक्षण टाकू” हा बेतही बहुधा जमत नाही, कारण अपील करता येत असताना ते न करणाऱ्याला पुनरीक्षण मागता येत नाही, असे कलम ४४२ चे पोटकलम ४ सांगते.

तरी सगळी दारे बंद नाहीत. संमती खोटी होती, दबावाने घेतली, वकिलाला अधिकारच नव्हता, असे दाखवता आले तर सत्र न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली जाता येते. उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली. “मन बदललं” हे कारण तिथे चालत नाही. “मला कधी विचारलंच नाही” हे चालू शकते, पण त्यासाठी हातात कागद हवेत.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. घटनेच्या वेळी वय अठराच्या आत होते, हा मुद्दा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९ प्रमाणे प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यानंतरही मांडता येतो.

१५. चुकीच्या कोर्टात अपील केलं होतं. त्यासाठी मागे घेतोय. मुदत बुडेल का?

मागे घेताना “योग्य न्यायालयात दाखल करण्याची मुभा राखून” हे शब्द अर्जातही आणि आदेशातही घ्या. मग त्याच आठवड्यात योग्य न्यायालयात विलंबमाफीच्या अर्जासह दाखल करा. चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ हे विलंबाचे समर्थनीय कारण म्हणून मांडता येते. सर्वसाधारण नियम असा: दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालय, सत्र न्यायालयाच्या, किंवा सात वर्षांहून अधिक शिक्षा देणाऱ्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालय.

१६. आम्ही तिघं आरोपी. मी अपील मागे घेतलं आणि बाकीचे दोघं सुटले तर?

प्रत्येकाचे अपील स्वतंत्र असते. तुम्ही मागे घेतल्याने त्यांचे बिघडत नाही. ते सुटले म्हणून तुम्ही आपोआप सुटत नाही, हेही तितकेच खरे. मात्र पुरावा सगळ्यांविरुद्ध अगदी तोच असेल आणि तो अविश्वसनीय ठरला असेल, तर अपील न केलेल्या सहआरोपीलाही सर्वोच्च न्यायालयाने तो लाभ दिल्याची उदाहरणे आहेत. २०२३ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात, ज्याची याचिका आधी फेटाळली गेली होती अशालाही तो मिळाला. ती कृपा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचल्यावर झाली, वर्षे गेल्यानंतर. तिच्यावर विसंबून निर्णय घेऊ नका.

१७. वडील अपील चालू असताना वारले. आम्ही अपील मागे घ्यायचं का?

मागे घेण्याची गरजच नाही. कैदेच्या शिक्षेविरुद्धचे अपील अपिलार्थीच्या मृत्यूने आपोआप संपते (कलम ४३५). पण तुम्हाला त्यांच्या नावावरचा डाग पुसायचा असेल, तर मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ-बहीण यांपैकी कोणीही अपील पुढे चालवण्याची परवानगी मागू शकते. घरात सुतक असते, कोणाला सुचत नाही, आणि ३० दिवस निघून जातात. वकिलांनी स्वतःहून हे कुटुंबाला सांगायला हवे. दंडाच्या शिक्षेविरुद्धचे अपील मृत्यूने संपत नाही, कारण दंडाची वसुली मालमत्तेतून होऊ शकते.

१८. फाशीची शिक्षा झालेल्याने अपील मागे घेतलं तर लगेच फाशी होते का?

नाही. सत्र न्यायालयाने दिलेली मृत्यूची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. कलम ४०७ खाली ते प्रकरण पुष्टीसाठी जातेच, आरोपीने अपील करो वा न करो. उच्च न्यायालय संपूर्ण पुरावा नव्याने तपासते आणि निर्दोषही सोडू शकते. तरीही अपील सोडू नये. निराशेच्या भरात तसा अर्ज आला, तर आधी त्या माणसाच्या मनाची अवस्था तपासून घ्यावी, मग अर्ज वाचावा.

१९. मी पीडित आहे. आरोपी सुटला म्हणून मी अपील केलं. आता गावातले लोक मागे घे म्हणून मागे लागलेत.

कलम ४१३ च्या परंतुकाने (कलमाला जोडलेल्या “मात्र” या पुरवणी तरतुदीने) पीडिताला अपिलाचा स्वतःचा हक्क दिला आहे, आणि निर्दोष सुटकेविरुद्धच्या पीडिताच्या अपिलासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. तो हक्क सरकारच्या अपिलावर अवलंबून नाही, त्यामुळे सरकारने अपील केले नाही म्हणून तुमचे कमकुवत ठरत नाही.

दबाव असेल तर पुरसिसवर “स्वखुशीने” हा शब्द लिहून देऊ नका. न्यायाधीशांनी विचारले तर खरे सांगा. ते विचारतात ते त्यासाठीच. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली संरक्षणाचा अर्ज करता येतो का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला विचारा. आणि अर्ज देऊन झाला असेल पण त्यावर आदेश व्हायचा असेल, तर तो अर्जच मागे घ्या. पुढच्या तारखेला जाऊन “मला अपील चालवायचे आहे” एवढे एक वाक्य न्यायालयाला सांगितले आणि ते रोजनाम्यात आले, तरी पुरे.